बाबासाहेबांनी राजीनामा का दिला? निवेदन पूर्ण वाचा, तुकडे नकोत

दरवर्षी सप्टेंबर संपत आला की आपल्या गटांमधून एक प्रश्न फिरू लागतो: बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा का दिला? उत्तरे तयारच असतात. स्त्रीमुक्तीच्या व्यासपीठावर सांगतात, हिंदू कोड बिलासाठी. ओबीसी मेळाव्यात सांगतात, कलम ३४० प्रमाणे मागासवर्ग आयोग नेमला नाही म्हणून. आणि हिंदुत्ववादी मंडळी सांगतात, काश्मीर आणि नेहरूंच्या परराष्ट्र धोरणामुळे. तिघांच्या हातात एकाच कागदाचे तुकडे आहेत. तो कागद म्हणजे १० ऑक्टोबर १९५१ ही तारीख असलेले बाबासाहेबांचे निवेदन.

पुढाऱ्यांची पत्रके आणि लोकांसाठी काढलेली वार्तापत्रे यांना इतिहासाचे साधन मानायला आपले विद्वान नाखूश असतात. ग्रंथ जपला जातो, भाषण जपले जाते, पत्रक रद्दीत जाते. ज्यांच्या मालकीची वर्तमानपत्रे होती त्यांना हे परवडले, कारण त्यांचे म्हणणे दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर छापून येत होतेच. आपल्याला ते परवडणारे नव्हते. १९२० साली ३१ जानेवारीला 'मूकनायक' निघाला तेव्हा 'केसरी'ने त्याची जाहिरात पैसे घेऊनही छापायला नकार दिला होता. १९२७ च्या सुरुवातीला बाबासाहेब मुंबई कायदे कौन्सिलात नेमलेले सभासद म्हणून बसले, मार्चमध्ये महाड झाले आणि ३ एप्रिलला 'बहिष्कृत भारत' सुरू झाला. हा क्रम योगायोगाचा नाही. ज्या लोकांच्या वतीने सभागृहात बसायचे, त्यांच्यापर्यंत स्वतःच्या शब्दांत पोहोचायला दुसरी वाट नव्हती. पुढे त्याच पत्रात 'बहिष्कृत भारताचे ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय?' असा जाब त्यांनी आपल्याच समाजाला विचारला. अंकाचे रकाने जवळजवळ एकट्याने भरून काढणाऱ्या माणसाला तो अधिकार होता.

निवेदनाचे शस्त्र त्यांनी किती अचूक वापरले हे पाहायचे असेल तर १९ सप्टेंबर १९३२ चे निवेदन काढा. दुसऱ्या दिवशी दुपारपासून गांधींचे उपोषण येरवड्यात सुरू व्हायचे होते. सगळा देश एका बाजूला आणि वृत्तपत्रे त्याच बाजूला. त्या दडपणाखाली बाबासाहेबांनी विचारले की मुसलमान आणि शिखांच्या स्वतंत्र मतदारसंघांविरुद्ध प्राण पणाला न लावणारे गांधी अस्पृश्यांच्याच बाबतीत हे का करीत आहेत? या उपोषणाचा परिणाम म्हणून देशभर अस्पृश्यांवर दहशत बसवली जाईल, हेही त्यांनी आधीच नोंदवून ठेवले. पाच दिवसांनी, २४ सप्टेंबरला, पुणे करार झाला. त्या सहीचा अर्थ आजही 'समजूतदारपणा' असा लावणारे आहेत. करारापूर्वीचे हे निवेदन छापील स्वरूपात उरले नसते तर ती सही कोणत्या दडपणाखाली झाली हे आपण कशाच्या आधारावर सांगितले असते?

आता १९५१. बाबासाहेबांनी २७ सप्टेंबरला पंतप्रधानांकडे राजीनामा दिला. दुसऱ्याच दिवशी तो मान्य झाला, पण अधिवेशन संपेपर्यंत थांबा अशी नेहरूंची विनंती होती. पायउतार होणाऱ्या मंत्र्याने सभागृहात कारणे सांगावीत हा संसदीय रिवाज, आणि त्यासाठी बाबासाहेब निवेदन लिहून घेऊन आले. उपाध्यक्ष अनंतशयनम् अय्यंगार यांनी प्रत आधी दाखवण्याची अट घातली. घटनेचा मसुदा करणाऱ्या समितीच्या अध्यक्षाला आपले निवेदन आधी तपासून घ्यायला सांगितले जात होते! बाबासाहेबांनी ते मानले नाही, सभागृह सोडले आणि निवेदन वृत्तपत्रांच्या स्वाधीन केले. म्हणजे संसदेसाठी लिहिलेला मजकूर प्रसिद्धीपत्रक म्हणून देशापुढे आला.

आपण निवेदन का करीत आहोत, हे त्यांनी सुरुवातीलाच सांगितले आहे, आणि आमच्या मते हा भाग सगळ्यांत कमी वाचला जातो. काही वृत्तपत्रांना काही माणसांचे जुने वेड आणि काहींचा पराकोटीचा द्वेष असतो. रिकामी जागा दिसली की राजीनाम्याची खोटी कारणे ते स्वतःच पुरवतात, आवडत्याला उजळ आणि नावडत्याला काळे दाखवण्यासाठी. आपल्या बाबतीतही तसेच घडलेले दिसते, असे ते म्हणतात. म्हणून ती जागा आपणच भरायची.

त्यानंतर कारणे येतात. कायदा खात्याला कारभाराच्या दृष्टीने महत्त्व नाही हे त्यांना माहीत होते. नियोजन खाते देऊ असे त्यांना सांगण्यात आले होते, ते मिळाले नाही. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर आणि सार्वजनिक बांधकाम ही खाती सांभाळलेला, अर्थशास्त्राचा अभ्यासक असलेला हा माणूस मंत्रिमंडळाच्या आर्थिक समितीतून वगळला गेला. पंतप्रधान इंग्लंडला गेले असताना मंत्रिमंडळाने त्यांना घेतले. पंतप्रधान परतल्यावर फेररचनेत नाव पुन्हा गळाले आणि निषेध केल्यावर परत आले. हे वाचताना आम्हाला सरकारी कार्यालयांतील आपल्या अधिकाऱ्यांच्या 'साइड पोस्टिंग'ची आठवण होते. दुसरे कारण अनुसूचित जातींची उपेक्षा. मागासवर्गीयांचा आयोग हा मुद्दा त्याच ओघात येतो: संविधान लागू होऊन वर्ष उलटले तरी आयोग नेमण्याचा विचारही सरकारने केलेला नाही. मग परराष्ट्र धोरण. त्यानंतर मंत्रिमंडळ हे समित्यांनी घेतलेले निर्णय नोंदवणारे कार्यालय झाल्याची तक्रार. आणि शेवटी हिंदू कोड. १९४७ पासून रखडवून चार कलमांपर्यंत नेलेले ते बिल बेवारशासारखे मारले गेले.

कोण कोणता तुकडा उचलतो ते पाहा. पंतप्रधानांचा सगळा वेळ मुसलमानांच्या संरक्षणात जातो, हे वाक्य हिंदुत्ववादी उचलतात. त्याच परिच्छेदात बाबासाहेब म्हणतात की मुसलमानांना पूर्ण संरक्षण मिळावे या इच्छेत आपण कोणापेक्षाही, पंतप्रधानांपेक्षाही, मागे नाही. मात्र अनुसूचित जाती, आदिवासी आणि भारतीय ख्रिस्ती यांनाही ते नको का? हा अर्धा भाग हिंदुत्ववाद्यांच्या भाषणात येत नाही. काश्मीरचेही तसेच. त्यांनी सुचवलेला तोडगा काश्मीरच्या विभाजनाचा होता, हिंदू आणि बौद्ध भाग भारताकडे, मुस्लिम भाग पाकिस्तानकडे. आणि त्यामागे सुमारे ३५० कोटींच्या वार्षिक महसुलातील १८० कोटी लष्करावर जातात हा हिशेब होता. 'अखंड भारत' म्हणणाऱ्यांनी तो तोडगा आधी मान्य करावा आणि मग बाबासाहेबांचे नाव घ्यावे.

पण आपणही निर्दोष नाही. नियोजन खात्याची आणि समित्यांची कारणे आपल्या सभांमध्ये ऐकू येत नाहीत. बाबासाहेबांना सत्तेत खरा वाटा हवा होता, हे सांगताना आपल्याला संकोच वाटतो का? त्यागाची मूर्ती उभी करण्याच्या नादात आर्थिक निर्णयांच्या टेबलावर जागा मागणारा अर्थशास्त्रज्ञ आपण झाकून ठेवला आहे.

यात संग्रहाचाही एक भाग आहे. महाराष्ट्र शासनाच्या चरित्र साधने प्रकाशन समितीने १९७९ पासून जे इंग्रजी खंड काढले, वसंत मून यांनी ज्यासाठी आयुष्य खर्च केले, त्यांत हे निवेदन चौदाव्या खंडाच्या दुसऱ्या भागात आहे. तो खंड हिंदू कोड बिलाचा. साहजिकच वाचणारा हिंदू कोडचेच कारण शोधत तिथे पोहोचतो आणि तेवढेच घेऊन परत येतो. तिथवर पोहोचणेही सगळ्यांना जमत नाही. या खंडांच्या छपाईची रखडपट्टी इतकी झाली की डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला वृत्तपत्रातील बातमीवरून स्वतःहून दखल घ्यावी लागली.

बाबासाहेबांची निवेदने निदान खंडांत तरी आहेत. ३ ऑक्टोबर १९५७ ला नागपुरात रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला, १९६४ च्या डिसेंबरात भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह झाला, पुढे पक्ष फुटत गेला, आणि प्रत्येक फुटीला प्रत्येक गटाने पत्रके काढली. कोणत्या नेत्याने कोणत्या तारखेला काय म्हटले आणि पुढच्या निवडणुकीत काय केले, हे त्या पत्रकांवरूनच कळणार आहे. ती आज जुन्या कार्यकर्त्यांच्या पेट्यांत, पोटमाळ्यावर आहेत. बऱ्याच पत्रकांवर साल छापलेले नसते. ज्या वृद्ध कार्यकर्त्यांना ते आठवते, त्यांच्याशेजारी बसून प्रत्येक कागदाच्या मागे पेन्सिलीने साल, गाव आणि गटाचे नाव लिहून घ्यायला या दिवाळीच्या सुटीत सुरुवात करता येईल.