बालेकिल्ल्याबाहेरची रग्बी लीग : शालेय प्रसाराची मीमांसा

एखादा खेळ नव्या प्रदेशात वाढला असे म्हणताना प्रसार आणि रुजवण यांची गल्लत होते. किती शाळांत खेळ पोचला, हा प्रसार. शाळा सुटल्यावर किती मुले तो खेळत राहिली, ही रुजवण. इंग्लंड-वेल्समधील रग्बी लीगचा विचार करताना हा भेद पाळावाच लागतो.

या खेळाच्या सीमा एका जुन्या भांडणाने आखल्या. 29 ऑगस्ट 1895 रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडील क्लबांनी मूळ संघटनेपासून, म्हणजे रग्बी युनियनपासून, फारकत घेतली. सामन्यापायी खाणकामगाराचा किंवा गिरणीकामगाराचा रोज बुडाला, तर भरपाई द्यावी की नाही, हा वादाचा मुद्दा होता. यॉर्कशर, लँकेशर आणि कंबरलंड हे लीगचे बालेकिल्ले बनले. उच्चभ्रू पब्लिक स्कूल मात्र युनियनकडेच राहिली. लीगमध्ये पैसे घेऊन खेळलेल्याला युनियनची दारे बंद असत. युनियनने 1995 मध्ये व्यावसायिकता स्वीकारल्यावर ही भिंत पडली.

प्रसाराला अनुकूल गोष्टी खेळातच आहेत. 1906 पासून संघात तेराच खेळाडू असतात. पकडला गेलेला खेळाडू उठतो, चेंडू जमिनीवर ठेवतो आणि पायाने मागे सारतो. खेळ लगेच पुढे सुरू होतो. 1972 पासून सहा टॅकलपर्यंत (पकडींपर्यंत) चेंडू एका संघाकडे राहू शकतो, मग तो सोडावा लागतो. युनियनसारखी लाइनआउट, म्हणजे बाहेर गेलेला चेंडू रांगेत उभे राहून हवेत झेलण्याची पद्धत, इथे नाही, त्यामुळे साथीदाराला उंच उचलण्याचे तंत्र शिकवावे लागत नाही. रग्बीत फारसा न मुरलेला शारीरिक शिक्षणाचा शिक्षकही तासाभरात मुलांना खेळते करू शकतो. शालेय स्पर्धांची ओढही मोठी : लीगच्या चॅलेंज कप या बाद स्पर्धेच्या अंतिम सामन्याआधी लंडनच्या वेम्बली मैदानाच्या हिरवळीवर अकरा-बारा वर्षांची मुले आपला अंतिम सामना खेळतात.

रुजवणीतले अडथळे मात्र खेळाबाहेरचे आहेत. पहिला शिक्षकाचा : उत्साही शिक्षकाची बदली झाली की संघही विस्कटतो. दुसरा वेळापत्रकाचा : 1996 पासून सुपर लीग ही सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धा उन्हाळ्यात खेळली जाते, आणि ऐन भरात शाळांना सुट्टी लागते. तिसरा आणि निर्णायक अडथळा जवळपास क्लब नसण्याचा.

दक्षिण वेल्सचे उदाहरण बोलके आहे. ब्रिजेंडचा सेल्टिक क्रुसेडर्स हा क्लब 2009 मध्ये सुपर लीगमध्ये आला, पुढच्याच वर्षी उत्तरेला रेक्सहॅमला गेला आणि 2011 च्या हंगामानंतर सुपर लीगमधून बाहेर पडला. या क्लबात घडलेले बेन फ्लॉवर आणि गिल डडसन 2012 मध्ये उत्तर इंग्लंडमधल्या विगनकडून खेळू लागले. दक्षिण इंग्लंडमध्येही तेच : बेसिंगस्टोकचा माइक मॅकमीकन लंडन ब्रॉन्कोसमधून पुढे आला आणि 2015 मध्ये उत्तरेतल्या कॅसलफर्डला गेला. म्हणजे गुणवत्तेचा दुष्काळ नाही. पण गुणी मुलगा उत्तरेकडे जातो आणि त्याच्या गावातल्या पोरांसमोरचा आदर्शही त्याच्याबरोबर निघून जातो.

यावरून मोजमापाची कसोटी बदलायला हवी. स्पर्धेत नाव नोंदवणाऱ्या शाळांची संख्या वाढणे ही फक्त सुरुवात. सोळाव्या वर्षानंतर सायकलच्या अंतरावर खेळायला संघ मिळतो का, हा खरा प्रश्न. मर्यादित पैशात वीस विखुरलेल्या शाळांना चेंडू वाटण्यापेक्षा एका टिकाऊ क्लबाभोवती चार शाळा बांधणे अधिक फलदायी ठरेल.