बुजऱ्या घोड्याची किंमत

सेकंडहँड बाईक बघायला गेलं की विकणारा हमखास म्हणतो, "सकाळी सुरू व्हायला जरा त्रास देते, बाकी काही नाही." मग त्या 'जरा'चे किती कापायचे यावर घासाघीस. मागच्या रविवारी असाच एक तास घालवून, गाडी न घेता घरी आलो आणि अलेक्झांडरचा घोडा आठवला.

गोष्ट बहुतेकांना माहीत असेल. थेसलीचा फिलोनायकस नावाचा व्यापारी मॅसेडोनियाच्या राजा फिलिपकडे ब्युसेफॅलस घेऊन आला. किंमत १३ टॅलंट! घोडा कोणाला जवळ येऊ देईना, तेव्हा फिलिप वैतागून म्हणाला, घेऊन जा याला. पोरगा अलेक्झांडर मध्ये पडला : मला जमलं नाही तर घोड्याची किंमत मी भरेन. सगळे हसले. घोडा स्वतःच्या सावलीला बुजतोय हे त्याच्या लक्षात आलं होतं. त्याने तोंड सूर्याकडे वळवलं, थोपटलं आणि मांड ठोकली. प्लुटार्कने हे लिहिलंय.

सगळे त्या सावलीचं कौतुक करतात, मी मात्र १३ टॅलंटवर अडकलो. एक टॅलंट म्हणजे ६००० द्राख्मा, म्हणजे एकूण ७८,०००. अथेन्समध्ये इ.स.पू. ४०९ ते ४०७ च्या सुमारास एरेक्थिऑन मंदिराच्या बांधकामावर कारागिराला दिवसाला एक द्राख्मा मिळायचा, त्याचे हिशेब दगडावर कोरलेले आहेत. कारागिराची सुट्टी न घेता २१३ वर्षांची कमाई, एका घोड्यासाठी!

मग चांगल्या घोड्याचा भाव होता तरी किती? इ.स.पू. ४२३ मध्ये रंगमंचावर आलेल्या ॲरिस्टोफेनिसच्या नाटकात बापाच्या डोक्यावर पोराच्या घोड्याचं १२ मिनांचं, म्हणजे १२०० द्राख्मांचं कर्ज आहे. झेनोफनने इ.स.पू. ३९९ मध्ये तंगी आल्यावर स्वतःचा लाडका घोडा ५० दारिकांना विकला. (त्याच्याच पुस्तकात ३००० दारिक म्हणजे १० टॅलंट असा हिशेब आहे, त्यावरून १००० द्राख्मा निघतात.) आणि १९६५ मध्ये अथेन्सच्या केरामेकोस भागातल्या एका विहिरीत शिशाच्या पाचशेहून जास्त पट्ट्या सापडल्या. घोडदळातल्या घोड्यांची ती चक्क आर.सी. बुकं! मालक, रंग, डाग दिलेली खूण आणि किंमत. अशा पट्ट्यांवरचा सर्वात मोठा आकडाही १२०० च. थोडक्यात, १३ टॅलंटमध्ये असे ६५ घोडे आले असते. प्लिनी तर १६ टॅलंट म्हणतो. मला वाटतं, घोडा जगज्जेत्याचा झाल्यावर आकडा फुगला. असो.

पण मूळ प्रश्न राहतोच. धड घोडा १२०० चा, तर अंगाला हात लावू न देणारा कितीचा? इथे झेनोफनचं घोडेस्वारीवरचं पुस्तक कामाला येतं. पहिलं प्रकरणच खरेदीत फसू नये कसं यावर. आधी खूर बघ, कडक जमिनीवर त्यांचा आवाज ऐक. (आपल्याकडे सारंगखेड्याच्या बाजारात अंगावरचे भोवरेही बघतात. झेनोफन भोवऱ्यांचं काही बोलत नाही.) मग दात बघ, लगाम घेतो का, स्वार होऊ देतो का, इतर घोड्यांना सोडून एकटा निघतो का ते तपास. न ऐकणारा घोडा नुसता निरुपयोगी नाही, तो ऐन वेळी गद्दारासारखा वागतो, असं तो बजावतो. म्हणजे फिलिपचं चुकलं नव्हतं. लढाईत तसा घोडा फुकटही महागच.

मात्र तोच झेनोफन बुजण्याबद्दल वेगळं बोलतो. घोडा ज्याला घाबरतो, त्या वस्तूला आधी आपण हात लावून दाखवायचा, मग हळूहळू त्याला जवळ न्यायचं. मारलं तर भीती वाढते. शिंगरू शिकवायला देताना परत येईल तेव्हा त्याला काय काय यायला हवं ते लिहून द्या, असंही तो सांगतो. अडीच हजार वर्षांपूर्वीचं रिक्वायरमेंट डॉक्युमेंट :-)

त्यामुळे माझा हिशेब असा : खोड भीतीची असेल तर धड घोड्याच्या भावातून शिकवणाऱ्याचे दिवस आणि मोडू शकणारी हाडं वजा करायची. खोड कशाची तेच कळत नसेल, तर फिलिपसारखं परत पाठवायचं. फिलोनायकसला सावलीचं माहीत असतं तर त्याने घोडा उन्हाकडे तोंड करूनच उभा केला असता. सगळ्या अंगणात ती माहिती एकट्या अलेक्झांडरकडे होती, आणि त्याने काय केलं? सौदा ठरायच्या आधी, विकणाऱ्यासमोरच बग फिक्स करून दाखवला! आता फिलिपने एक द्राख्मा तरी कमी कसा करून घ्यायचा? पुढे किती मोजले ते प्लुटार्क सांगत नाही.

नंतर इराणच्या मोहिमेत हा घोडा चोरीला गेला. घोडा परत आला नाही तर मुलुख उजाड करीन, अशी धमकी अलेक्झांडरने दिली. चोरांनी तो आणून दिला.

मी त्या बाईकवाल्याला अजून फोन केलेला नाही. कार्ब्युरेटर नुसता साफ करून भागेल असा संशय आहे, पण ते त्याच्यासमोर बोललो नाही.