संस्थानी तलाव, आजची रामसर स्थळं: पाणी एका खात्याचं, पक्षी दुसऱ्याचे

वडोदरा जिल्ह्यात डभोईजवळचा वढवाणा, इंदूरचे सिरपूर आणि यशवंत सागर, शिवपुरीचा सख्या सागर. चारही तलाव मराठी संस्थानांच्या काळातले. वढवाणा सयाजीराव गायकवाडांच्या कारकिर्दीत 1910 साली झाला, सख्या सागर शिंद्यांच्या काळात 1918 साली, यशवंत सागर होळकरांच्या काळात 1939 साली. यातला एकही पक्ष्यांसाठी बांधलेला नाही. कुठे शेतीला पाणी हवं होतं, तर कुठे शहराला. पक्षी नंतर आले, आणि आज त्यांच्याच जोरावर चारही तलाव रामसर यादीत आहेत. वढवाणा 2021 मध्ये, बाकीचे तीन 2022 मध्ये.

रामसर हे इराणमधल्या गावाचं नाव. पाणथळ जागांचा आंतरराष्ट्रीय करार तिथे 2 फेब्रुवारी 1971 रोजी झाला आणि भारत 1982 मध्ये त्यात सामील झाला. एखाद्या जागेवर नियमितपणे 20 हजार पाणपक्षी येत असतील, किंवा एखाद्या जातीच्या एकूण संख्येपैकी एक टक्का तिथे राहत असेल, तर ती जागा यादीसाठी पात्र ठरते. इतरही निकष आहेत. मात्र यादीत नाव गेलं म्हणून तलावाला पोलीस मिळत नाही, की आपोआप पैसाही येत नाही.

कायद्याची गंमत इथेच आहे. केंद्राच्या 2017 च्या पाणथळ नियमांत पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले तलाव आणि सिंचनाची बांधकामं ‘पाणथळ’ या व्याख्येतूनच वगळली आहेत. त्या हिशेबाने संस्थानी तलाव बहुतेक बाहेरच पडले असते. पण याच नियमांनी रामसर स्थळं नाव घेऊन आत घेतली. त्यामुळे अतिक्रमण, कचरा टाकणं, प्रक्रिया न केलेलं सांडपाणी सोडणं यांना तिथे मनाई आहे. सरासरी पूरपातळीपासून 50 मीटरच्या आत धक्का सोडून पक्कं बांधकामही करता येत नाही. अंमलबजावणी राज्याच्या पाणथळ प्राधिकरणाकडे असते. त्याचे अध्यक्ष मंत्री, आणि टेबलाभोवती वन, नगरविकास, जलसंपदा, मत्स्य, महसूल, पर्यटन अशी सगळी खाती. खरा प्रश्न या टेबलावरचा आहे.

वढवाण्याचंच घ्या. ओरसंग नदीवरच्या जोजवा बंधाऱ्यातून या तलावात पाणी येतं आणि कालव्यांनी पंचवीसेक गावांच्या शेतीला जातं. पाण्याची किल्ली पाटबंधारे खात्याकडे, पक्षी वनखात्याकडे. हिवाळ्यात मध्य आशियातून बदकं येतात, त्यात मोठी लालसरी हे इथलं खास आकर्षण. लालसरी बुडी मारून खाते, तिला जरा खोल पाणी लागतं. तुतारी, चिखल्या यांना घोट्याएवढं पाणी आणि उघडा चिखल हवा. तलाव हिवाळाभर काठोकाठ ठेवला तर चिखल दिसतच नाही. लवकर रिकामा केला तर बदकं निघून जातात, आणि मार्चमध्ये पिकाला पाणी मागायला शेतकरी दारात उभा असतो. त्याचं चुकत नाही, तलाव त्याच्यासाठीच बांधला होता. कालव्याचं वेळापत्रक ठरवताना पक्ष्यांची नोंद ठेवणारा माणूस त्या बैठकीत बसला आहे की नाही, यावर बरंच ठरतं.

सिरपूरची गोष्ट वेगळी. धार रोडवरचा हा सुमारे 161 हेक्टरचा तलाव विसाव्या शतकाच्या सुरुवातीला होळकरांनी बांधला. पुढे शहर त्याच्या अंगावर आलं. अतिक्रमण, झाडतोड, चोरटी मासेमारी, नाल्यांचं सांडपाणी आणि वरून जलपर्णी. तलाव महापालिकेचा, पण त्याच्यामागे वर्षानुवर्षं धावाधाव केली ती ‘द नेचर व्हॉलंटियर्स’ या स्थानिक संस्थेने. तिचे भालू मोंढे, चित्रकार आणि छायाचित्रकार, यांना 2016 मध्ये पद्मश्री मिळाली. रामसर यादीच्या कितीतरी आधी ही मंडळी तिथे पक्षी मोजत होती. महापालिका आणि स्वयंसेवक यांचं नेहमीच गोड होतं असं कुणी म्हणणार नाही. काठावर काँक्रीट किती आणि झाडोरा किती, यावर वाद होतातच. तरी जानेवारी 2025 मध्ये इंदूर आणि उदयपूर ही रामसर कराराखाली ‘पाणथळ शहर’ ठरलेली देशातली पहिली दोन शहरं झाली.

यशवंत सागर गंभीर नदीवर, 800 हेक्टरांहून मोठा. इंदूरच्या नळाला त्याचं पाणी येतं आणि मध्य भारतातल्या सारसांचा तो मोठा आधार आहे. सारस पावसाळ्यात उथळ पाण्यात नाहीतर शेतातच घरटं करतो, अंडी बहुधा दोन. म्हणजे इथे भागीदार खातं नव्हे, बांधावरचा शेतकरी. शिवाय पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या जमिनीत गाळपेरा करायची रीत अनेक धरणांवर आहे. त्या पिकाची खतं-औषधं पुढच्या पावसात थेट तलावात जातात, हे पिण्याच्या पाण्याच्या दृष्टीनेही बरं नाही.

सख्या सागर माधव राष्ट्रीय उद्यानातच आहे, मगरींसाठी प्रसिद्ध. हद्द सांभाळायला वनखातं आहे, पण शहराचं सांडपाणी हद्द मानत नाही.

गोव्यात पहिलं रामसर स्थळ कुडचड्याचं नंदा तळं, 2022 मधलंच, जेमतेम 42 हेक्टर. जुवारीला मिळणाऱ्या ओहोळालगतचं हे गोड्या पाण्याचं तळं. लोक पाणी अडवतात, ते खालच्या भातशेतीला लागतं, मासेही मिळतात. इथे जपणूक आणि वापर वेगळे काढताच येत नाहीत.

एका तलावाला एकच जबाबदार यंत्रणा असली तर काय होतं, हे ओडिशाच्या चिलिकावर दिसलं. बिघडलेल्या रामसर स्थळांच्या माँत्रो नोंदीत चिलिका 1993 मध्ये गेलं. 1991 मध्ये स्थापन झालेल्या चिलिका विकास प्राधिकरणाने 2000 मध्ये समुद्राकडे नवं मुख उघडलं, खारट-गोड्या पाण्याचा मेळ सुधारला, आणि 2002 मध्ये नाव वगळलं गेलं. आमच्या या चार तलावांना असा एक धनी नाही. पैशाची वाट केंद्राच्या जलीय परिसंस्था योजनेतून आहे, त्यात केंद्राचे 60 आणि राज्याचे 40 टक्के. त्यासाठी एकत्रित व्यवस्थापन आराखडा लागतो.

आराखड्याला आकडे लागतात, आणि त्यांचा मोठा आधार म्हणजे आशियाई पाणपक्षी गणना. 1987 पासून ती दर जानेवारीत होते, आणि मोजणारे बहुतेक हौशी असतात. दुर्बीण आणि पहाटे उठायची तयारी असली की नवखा माणूसही जाणत्या गटाबरोबर जाऊ शकतो.