गोवर्धनचे विणकर आणि अक्षयनीवी

नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावरील दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात, नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचा वर्ष ४२ चा शिलालेख आहे. चातुर्दिश भिक्षुसंघाला त्याने ३,००० कार्षापणांची अक्षयनीवी दिल्याची नोंद त्यात आढळते. ही रक्कम कोणा सावकाराकडे ठेवलेली नाही. ती गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे 'कोलिकनिकायां'कडे, ठेवली आहे. एकीकडे २,००० कार्षापण दरमहा शेकडा एक व्याजाने, तर दुसरीकडे १,००० कार्षापण दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यावयाचे नाही, केवळ व्याजाचा उपभोग घ्यावयाचा, असे लेखात स्पष्ट म्हटले आहे. लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण मिळावेत, अशी योजना आहे. वाचकांनी हिशेब करून पाहावा. दोन हजारांचे वार्षिक व्याज २४० कार्षापण होते आणि वीस भिक्षूंचा चीवरखर्चही नेमका २४० कार्षापण होतो.

हा हिशेब नेमका आहेच, पण त्यामागील विश्वास आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. मुद्दल कायमचे ठेवणाऱ्याने विणकराचा माग कायम चालेल असे गृहीत धरले होते. नीवी अक्षय राहावयाची तर कसबही अक्षय राहावयास हवे.

असा विश्वास केवळ विणकरांच्याच वाट्यास आला होता असे नाही. आभीर राजा ईश्वरसेन याच्या नवव्या वर्षी विष्णुदत्ता या उपासिकेने याच डोंगरावरील संघातील आजारी भिक्षूंच्या औषधासाठी रकमा ठेवल्या. त्या कुलरिक, ओदयंत्रिक आणि तिलपिषक यांच्या श्रेणींकडे होत्या. जुन्नरच्या लेण्यांतील लेखात बांबूकाम करणारे 'वासकार' आणि काशाची भांडी घडविणारे 'कासाकार' यांच्याकडे ठेवलेल्या ठेवींचा उल्लेख आहे. विणकर, तेली, बुरूड, कासार ही त्या काळच्या नगरजीवनातील पत असलेली माणसे होती. गोवर्धन किंवा जुन्नर या नगरांची ओळख जितकी राजांमुळे होती, तितकीच त्यांच्यामुळेही होती.

मात्र या चित्राची दुसरी बाजू झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. विनयपिटकातील ओमसवाद-सिक्खापदाच्या विवरणात नळकार, कुम्भकार, पेसकार, चम्मकार आणि न्हापित यांची शिल्पे 'हीन सिप्प' म्हणून लोकांत गणली जात, असे नमूद आहे. म्हणजे ज्या विणकराकडे राजघराण्याची ठेव होती, त्याच्याच कसबाला समाज हीन लेखत होता. संघाने यावर घातलेला नियम लक्षात घेण्याजोगा आहे. जात, नाव, गोत्र, कर्म किंवा शिल्प यांवरून दुसऱ्या भिक्षूस टोचून बोलणे हा पाचित्तिय अपराध ठरविण्यात आला. पुढील काळात समाजाने हा नियम स्वीकारला नाही. उलट कसब जन्माला जखडले गेले आणि हात कुशल असूनही माणूस हलका ठरला.

आज या कसबांची स्थिती काय आहे? नाशिक जिल्ह्यातच येवल्यात पैठणीचे हातमाग चालू आहेत. परंतु त्याच जिल्ह्यातील मालेगावात यंत्रमागांचा खडखडाट आहे. जुन्नरचा हातकागद एके काळी नावाजलेला होता. आज तो इतिहासाचा विषय झाला आहे. बुरूडाने विणलेली सुपे, रोवळ्या, कणग्या, डालगी यांची जागा प्लास्टिकने आणि पत्र्याने घेतली आहे. घरात कणगीच नसेल तर 'कणगी' हा शब्द मुलांच्या कानी पडणार कोठून? 'ओदयंत्रिक' म्हणजे पाण्याची यंत्रे करणारे, इतकेच आपण शब्दावरून सांगू शकतो. ती यंत्रे कशी होती, याविषयी विद्वान तर्क करीत बसतात. कसब गेले की उरलेला शब्दही मुका होतो.

तरीही केवळ हळहळ व्यक्त करून थांबणे आम्हांस उचित वाटत नाही. जातिव्यवस्था ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली दाखवून दिले. म्हणून वडिलांचा कोयता खाली ठेवून शाळेत गेलेल्या बुरूडाच्या मुलाने संस्कृतीचा घात केला, असे म्हणण्याचा अधिकार कोणासही नाही. त्याने टाकला तो जन्माने लादलेला धंदा आणि त्यासोबत येणारा अपमान. परंपरा जपण्याच्या नावाखाली त्याला पुन्हा त्याच उंबऱ्याशी बसविणे हे जतन नव्हे.

जतन करावयाचे ते ज्ञान. बांबू कोणत्या हंगामात तोडावा, त्याची कांबट किती पातळ काढावी, ताण्यात किती धागे घ्यावेत, हे जाणणारी वृद्ध माणसे अद्याप आपल्यात आहेत. त्यांचे शब्द, त्यांची मापे, त्यांच्या हाताच्या रीती लिहून घ्याव्यात. शिकू इच्छिणाऱ्या कोणालाही, जात न विचारता, त्या शिकविल्या जाव्यात, आणि शिकविणाऱ्यास शिक्षकाचा मान व मोबदला मिळावा. विहारांनी आपल्या सभागृहांत ही सोय करणे अवघड नाही. गोवर्धनच्या विणकरांनी संघाच्या चीवराची जबाबदारी घेतली होती. त्या ऋणाची अल्पशी फेड यातून व्हावी, इतकीच आमची विनंती आहे.