दोरकड्या, गळकाठीवरील

गळाने मासे धरण्याच्या काठीवर, रिळापासून शेंड्यापर्यंत दोर वाहून नेण्यासाठी ठराविक अंतरांवर बांधलेल्या कड्या. त्यांची कार्ये दोन : गळ फेकताना दोर कमीत कमी घर्षणाने सुटू देणे व मासा ओढ घेऊ लागल्यावर तो भार काठीच्या सर्व लांबीवर वाटून देणे. पहिल्या कार्यास थोड्या व मोकळ्या कड्या सोयीच्या, तर दुसऱ्यास पुष्कळ व जवळजवळ बसविलेल्या कड्या आवश्यक असतात. या दोन परस्परविरोधी गरजांची तडजोड हाच कड्यांच्या इतिहासाचा, तसेच घरी काठी बनविणाऱ्यापुढील निवडीचाही मुख्य प्रश्न होय.

इतिहास : गळाने मासे धरणे हा दख्खनमध्ये केवळ उपजीविकेचा नव्हे, तर करमणुकीचाही जुना प्रकार आहे. कल्याणीचा (सध्याचे बसवकल्याण) चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या सु. ११२९ मधील मानसोल्लास  या संस्कृत ग्रंथात राजाच्या विनोदांत ‘मत्स्यविनोदा’चा समावेश असून त्यात माशांच्या जाती, त्यांची आमिषे, काठी व दोर यांचे वर्णन आढळते. मराठी वाचकांना हा ग्रंथ त्यातील जुन्या मराठी पद्यपंक्तींमुळे परिचित आहे.

दोर काठीच्या शेंड्यालाच बांधण्याची पद्धत होती, तोवर कड्यांची गरज नव्हती. माशाची धाव दोराच्या लांबीपुरतीच सोसता येई. दोर साठविणारे रीळ आल्यावर ही मर्यादा संपली. चीनमध्ये सु. ११९५ मधील, मा युआनच्या नावे असलेल्या चित्रात रीळ लावलेली काठी दिसते. इंग्लंडमध्ये टॉमस बार्करच्या १६५१ मधील पुस्तकात रिळाचा उल्लेख आहे. रिळाबरोबरच दोर काठीलगत ठेवणाऱ्या कड्या आवश्यक ठरल्या. प्रारंभी या कड्या साध्या तारेच्या असत. पुढे झीज टाळण्यासाठी काही काठ्यांच्या कड्यांत अकीकाचे गुळगुळीत वळे बसवू लागले. दख्खनच्या बेसाल्ट खडकांतील पोकळ्यांत आढळणारा अकीक तो हाच. मात्र तो कठीण असला, तरी ठिसूळ असल्याने आघाताने तडकतो.

खरा पालट १९०५ मध्ये झाला. यॉर्कशरमधील कापडउद्योजक आल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थ यांनी त्या वर्षी स्थिर फिरकीच्या रिळाचे एकस्व (पेटंट) घेतले. गिरणीतील कांडीवरून सूत जसे तिच्या टोकावरून उलगडत जाते, तसा या रिळावरील दोर फिरकी न फिरता सुटतो. त्यामुळे हलके आमिषही दूर फेकता येऊ लागले. परंतु दोर सरळ न जाता वेटोळ्यांच्या रूपाने सुटत असल्याने त्या वेटोळ्यांना क्रमाक्रमाने आवळणाऱ्या कड्यांची नवी रचना करावी लागली. रिळाजवळची कडी मोठी व उंच आणि शेंड्याकडील कड्या लहान, ही मांडणी त्यातून आली.

निवड : सु. २·१ मी. लांबीच्या काठीस शेंड्याची कडी सोडून साधारणपणे सात कड्या लागतात. काठीची लांबी जितके फूट, तितक्या कड्या हा ढोबळ आडाखा होय. पहिल्या कडीचा व्यास सामान्यतः २५ ते ३० मिमी. असून ती रिळापासून सु. अर्धा ते पाऊण मीटरवर येते. ती फार लहान किंवा फार जवळ असल्यास वेटोळी तिच्या काठावर आपटून फेक आखूड पडते. उलट, शेंड्याकडील कड्या जड असल्यास काठीची उसळी मंदावते. म्हणून तेथे एका पायाच्या हलक्या, तर रिळाकडे दोन पायांच्या भक्कम कड्या वापरतात.

अंतरे मोजपट्टीने नव्हे, तर भाराने ठरतात. कड्या प्रथम तात्पुरत्या चिकटपट्टीने लावून दोर ओवतात व त्याच्या टोकास वजन बांधून काठी वाकवितात. दोर काठीच्या वाकाबरोबर जात असेल, तर मांडणी योग्य. दोन कड्यांमध्ये तो सरळ ताणला जाऊन काठीपासून दूर जात असेल, तर तेथे कडी वाढवावी किंवा सरकवावी. त्यानंतरच दोऱ्याचे घट्ट वेढे देऊन त्यांवर रोगण चढवितात. बांबूच्या काठीत पेरांमुळे वाक सर्वत्र सारखा नसल्याने ही चाचणी अधिकच महत्त्वाची ठरते.

कडीचे द्रव्य दोरावरून निवडावे. १९३८ मध्ये नायलॉन जाहीर झाल्यानंतर प्रचारात आलेल्या एकपदरी दोरास कठीण क्रोमियमचा मुलामा दिलेली पोलादी कडी पुरेशी असते. विसाव्या शतकाच्या अखेरीस आलेले पॉलिएथिलिनाचे विणीव दोर मात्र ओल्याबरोबर येणारे वाळूचे कण कडीवर घासून तीत खाचा पाडतात. त्यांच्यासाठी ॲल्युमिनियम ऑक्साइड किंवा सिलिकॉन कार्बाइड यांची वळी लागतात. यांपैकी दुसरे अधिक कठीण व उष्णतेचे चांगले वाहक असल्याने घर्षणाची उष्णता एका जागी साचू देत नाही. पिंपरी-चिंचवड व चाकण पट्ट्यातील यंत्रशाळांत हे दोन्ही पदार्थ धातू घासणाऱ्या चाकांमुळे नित्य परिचयाचे आहेत. वळ्यातील तडा डोळ्यांस दिसत नसला, तरी कापसाचा पुंजका आतून फिरविल्यास त्याचे तंतू तेथे अडकतात.

महत्त्व : विल्यम हेन्री साइक्स यांनी १८३९ मध्ये मुळा-मुठेतील ज्या माशाचे शास्त्रीय वर्णन करून त्यास खुद्री हे जातिनाम दिले, तो दख्खनी महसीर प्रवाहाविरुद्ध जोरदार धाव घेणारा मासा आहे. खाचलेल्या कडीवर दोर तुटल्यास मासा सुटतो, पण तोंडात रुतलेला गळ व मागे लोंबणारा दोर घेऊनच. अपुऱ्या कड्यांमुळे झुंज लांबली, तर थकलेला मासा पाण्यात परत सोडूनही वाचेलच असे नाही. पवना व इंद्रायणी या नद्यांचे औद्योगिक पट्ट्यातील प्रवाह सांडपाण्याने दूषित झाले आहेत. एकीकडे देहू येथील डोहातील मासे न मारण्याचा प्रघात आणि दुसरीकडे लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने १९७० नंतरच्या दशकापासून चालविलेली महसीर-पैदास, या दोन्ही गोष्टी या माशाचे मोल दर्शवितात. अशा स्थितीत निर्दोष कडी ही गळकऱ्याच्या सोयीची बाब उरत नाही. पकडलेला मासा जिवंत परत जाईल की नाही, हे काही अंशी तीवर अवलंबून असते.