पंच : एका जहाजी पेयाची कुळकथा

आमच्या बीबी गावास समुद्र नाही. जवळचे मोठे पाणी म्हणावे तर लोणारचे सरोवर, आणि तेही खारे. होडी म्हणजे आम्हां बुलढाणेकरांस चित्रात पाहावयाची वस्तू. म्हणून गेल्या महिन्यात पुतण्याचे पणजीहून पत्र आले, तेव्हा घरात कौतुकाबरोबर थोडी खळबळही झाली. त्याच्या कचेरीतील तरुण मंडळींनी मांडवी नदीवर एक होडी भाड्याने घेऊन संध्याकाळ घालविण्याचे योजिले आहे. आणि त्या प्रसंगी कोणती पेये असावीत व ती कशी मिसळावीत, हे काम त्याच्या गळ्यात पडले आहे. त्याने लिहिले होते, "काका, 'पंच' नावाचे जे मिश्र पेय आहे, ते मूळचे आपलेच, पाच जिनसांचे म्हणून पंच, असे येथे सर्वजण सांगतात. हे खरे असेल तर पेल्याबरोबर मंडळींस चार शब्दही ऐकवीन. खरे काय ते कळवावे."

पत्र वाचून होताच वहिनी म्हणाल्या, "भावजी, इतिहास मागाहून लिहा, आधी त्याला होडीत बसून पिऊ नकोस म्हणून लिहा." पुतण्याचा प्रश्न आणि वहिनींचा निरोप हे दोन्ही महत्त्वाचे आहेत. प्रस्तुत लेखात पहिल्याचे उत्तर देण्याचा प्रयत्न केला आहे; दुसऱ्याकडे शेवटी वळू.

जगातील प्रत्येक वस्तूचे मूळ आपल्या घरी सापडावे, ही हौस आपणां सर्वांस आहे. पंचामृत आपल्या देवघरातले. दूध, दही, तूप, मध व साखर हे त्याचे पाच घटक लहान मुलासही ठाऊक असतात. तेव्हा इंग्रजांच्या 'पंच'चे कूळ आपल्या 'पाच'शी जुळते असे कोणी म्हटले की मान आपोआप डोलते. परंतु मान डोलणे हा पुरावा नव्हे. म्हणून प्रथम साक्षीदारांस एकेक करून उभे करू.

पहिला साक्षीदार इ. स. १६३२ मधला. त्या वर्षीच्या सप्टेंबरात रॉबर्ट अॅडम्स नावाच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकराने पूर्व किनाऱ्यावरील पेटापोली येथील वखारीत असलेल्या आपल्या स्नेह्यास पत्र लिहिले. तुम्ही सर्व मिळून सुखाने राहाल आणि 'पंच' पिताना हात आखडणार नाही, अशा आशयाची त्यात थट्टा आहे. पंच म्हणजे काय, हे त्यास सांगावे लागले नाही. अर्थात वखारीतल्या लोकांस हे पेय त्यापूर्वीच परिचयाचे झाले होते.

दुसरा साक्षीदार मांडेल्स्लो हा जर्मन प्रवासी. हा १६३८ साली इराणातील गोम्ब्रून, म्हणजे हल्लीचे बंदर अब्बास, येथून इंग्रजांच्या जहाजाने सुरतेस आला. एकोणीस दिवसांच्या त्या प्रवासात जहाजावर काय काय प्यावयास मिळाले, याची यादीच त्याने दिली आहे : इंग्रजी बिअर, स्पेनची व फ्रान्सची वारुणी, हिंदुस्थानी अर्क, आणि या सर्वांबरोबर 'पालेपुंत्झ'. हे अर्क, गुलाबपाणी, लिंबाचा रस व साखर यांचे मिश्रण होय, असा खुलासा त्याच्या प्रवासवृत्तात आहे. पुतण्यास हे वाचून आनंद होईल, की नौकेवरील मेजवानीत मिश्र पेय असण्याची ही चाल आपल्या समुद्रावर पावणेचारशे वर्षांहून जुनी आहे. परंतु येथेच पहिली अडचणही उभी राहते. हे घटक मोजावे तर चारच भरतात!

तिसरा साक्षीदार फ्रेंच वैद्य बर्निए. औरंगजेबाच्या राज्यारंभीच्या काळात हा हिंदुस्थानात होता. बंगालच्या वर्णनात त्याने 'बूलपोंज' या पेयाचा उल्लेख केला असून, गुळाचा अर्क, लिंबाचा रस, पाणी व वर किसलेले थोडे जायफळ असे त्याचे घटक सांगितले आहेत. पेय चवीस गोड, परंतु शरीराचा घात करणारे, असा त्याचा अभिप्राय आहे. येथेही घटक चारच. शिवाय गुलाबपाणी गेले आणि जायफळ आले. मांडेल्स्लोचा 'पाले' आणि बर्निएचा 'बूल' म्हणजे इंग्रजीतील 'बोल', म्हणजे मोठा वाडगा. हा शब्द ऐकणाऱ्यांनी आपापल्या कानाप्रमाणे लिहून ठेवला. यावरून हे पेय एकेकट्याच्या पेल्यात नव्हे, तर सर्वांच्या मध्ये ठेवलेल्या एका भांड्यात तयार होत असे, हे मात्र निश्चित दिसते.

चौथा साक्षीदार आपल्या लोकांच्या विशेष ओळखीचा. कंपनीचा शस्त्रवैद्य डॉ. जॉन फ्रायर हा शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या सुमारास मुंबईत होता. पुढे जुन्नरच्या मोगल सुभेदाराच्या बोलावण्यावरून १६७५ साली तो घाट चढून जुन्नरासही गेला. १६९८ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तात तो म्हणतो की गोव्याजवळ नेरूळ येथे उत्तम अर्क निघतो. त्यापासून या किनाऱ्यावरील इंग्रज लोक एक शक्तिपात करणारे पेय करितात. त्याचे नाव 'पॉन्च', हा शब्द हिंदुस्थानी भाषेत पाच या अर्थाचा असून पाच जिनसांवरून तो पडला. आज सर्वत्र सांगण्यात येणारी कथा मुख्यतः या एका वाक्यावर उभी आहे.

आता न्याय कसा करावा? फ्रायर विद्वान व चौकस होता, त्याची साक्ष सहज टाकून देता येत नाही. तथापि त्याने पुस्तक लिहिले तेव्हा हा शब्द प्रचारात येऊन निदान चाळीस वर्षे लोटली होती. म्हणजे त्याने सांगितली ती ऐकीव व्युत्पत्ती होय. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाच्या कर्त्यांनीही या व्युत्पत्तीविषयी शंका घेतली आहे. सतराव्या शतकात या शब्दातील स्वराचा इंग्रजी उच्चार 'पुंच' असा 'उ'काराकडे झुकणारा होता. मांडेल्स्लोचे 'पुंत्झ' आणि बर्निएचे 'पोंज' हेच दाखवितात. 'पाच' मधील दीर्घ 'आ' तेथे कोठे उमटत नाही. दारूच्या मोठ्या पिंपास इंग्रजीत 'पंचन' म्हणत, त्याचे हे जहाजी लघुरूप असावे, असा दुसरा तर्क आहे. पण त्यालाही सबळ आधार नाही. शिवाय या सर्व साक्षी युरोपीय लोकांच्या. तेव्हा निकाल एवढाच देता येतो की 'पाच'वरून 'पंच' हे शक्य आहे, सिद्ध नाही.

या निकालाने कोणी हिरमुसले होण्याचे कारण नाही. नावाचे मूळ संशयित असले, तरी वस्तूचे मूळ संशयित नाही. हे पेय जहाजावर का जन्मले, हा प्रश्न नावाच्या प्रश्नापेक्षा अधिक मोलाचा आहे. इंग्रज खलाशाची सवय बिअरची. परंतु विषुववृत्ताकडील उन्हात बिअर लवकर आंबे व वारुणीही बिघडे. किनाऱ्यावर उतरावे तर माडाची ताजी माडी मिळे, परंतु ती काही तासांतच फसफसते आणि लवकरच आंबून जाते. ती जहाजात भरून नेणे शक्य नाही. टिकते ती ऊर्ध्वपातन केलेली दारू, म्हणजे अर्क. हा अर्क मात्र तिखट व उग्र. तो घशाखाली उतरावा म्हणून त्यात पाणी, पाण्याची चव झाकावी म्हणून लिंबू, लिंबाचा आंबटपणा मोडावा म्हणून साखर, आणि वासासाठी गुलाबपाणी किंवा जायफळ. यातील एकही वस्तू विलायतेहून आणावी लागत नव्हती. जायफळ पूर्वेकडील बेटांतून येई, बाकी सारे याच किनाऱ्यावर मिळे.

मद्य मिसळण्याची विद्या या देशास इंग्रजांनी शिकविली, असेही मात्र कोणी समजू नये. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्ष नावाच्या अधिकाऱ्याचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय व मधु असे मद्याचे सहा प्रकार तेथे सांगितले आहेत. मेदकासाठी एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ व तीन प्रस्थ किण्व, असे मापच दिले आहे. पानगृहात निरनिराळ्या खोल्या, आसने, सुगंध, फुले व पाणी असावे असे तो सांगतो. आणि त्याचबरोबर पिणाऱ्यांवर गुप्तहेरांची नजर असावी, हेही सांगण्यास विसरत नाही. राज्यास मद्यापासून उत्पन्न हवे आणि मद्यप्यांपासून उपद्रव नको, ही ओढाताण तेव्हापासून आजपर्यंत चालत आली आहे.

कंपनीच्या अमलातही तीच दिसते. वखारीच्या आसपास 'पंच-घरे' उघडली. पगाराच्या दिवशी या घरांच्या मालकांनी शिपायांच्या वेतनातून परस्पर वसुली करू नये, असा हुकूम १६७१-७२ मध्येच काढावा लागला, यावरून उधारी कोठवर गेली असेल ते दिसते. १६८९ च्या सुमारास मुंबईस आलेला पाद्री ओव्हिंग्टन याने, दोन पावसाळे हेच येथे माणसाचे आयुष्य, अशी त्या वेळची म्हण नोंदली आहे. त्या मृत्यूंचे कारण मुख्यतः हिवताप, आमांश व दूषित पाणी हे होते. पण ज्यास बर्निए घातक आणि फ्रायर शक्तिपात करणारे म्हणतो, ते पेय त्या मृत्यूंच्या कामी अडथळा खासच झाले नसेल.

पुढे इंग्रजी आरमारात अॅडमिरल व्हर्नन याने १७४० च्या ऑगस्टमध्ये हुकूम केला, की खलाशांस रोजची रम कोरी न देता तिच्या चौपट पाणी मिसळून, दोन वेळांत वाटून द्यावी. काटकसरीने राहणाऱ्याने आपल्या शिध्याच्या बचतीतून लिंबू व साखर विकत घ्यावी, अशी मुभाही त्यात होती. म्हणजे हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर जे मौजेसाठी मिसळले गेले, तेच तेथे शिस्तीसाठी मिसळले गेले. लिंबाचा गुण स्कर्व्ही रोगावर जेम्स लिंड याने १७४७ साली बारा खलाशांवर प्रयोग करून दाखविला. आरमाराने लिंबाचा रस नियमाने देण्यास १७९५ साल उजाडले. एकोणिसाव्या शतकात सर्वांचा वाडगा मागे पडून ज्याचा त्याचा पेला पुढे आला. 'कॉकटेल' या शब्दाची व्याख्या १८०६ साली न्यूयॉर्क संस्थानातील एका वृत्तपत्राने दिली : मद्य, साखर, पाणी आणि कडू अर्क. पुन्हा चारच जिन्नस!

या साऱ्या कथेत एका माणसाची साक्ष कोणी घेतली नाही. तो म्हणजे माडावर चढणारा. गोव्यात त्यास रेंदेर म्हणतात, कोकणात भंडारी. कमरेस कोयता व मडके बांधून तो झाडावर चढे, तेव्हा नेरूळचा तो उत्तम अर्क निघे. फ्रायरने गावाचे नाव लिहिले, माणसाचे लिहिले नाही. मुंबई इलाख्यात १८७८ चा अबकारी कायदा झाला, झाडांवरील कर वाढला, आणि पिढ्यान् पिढ्यांचा तो धंदा मक्तेदाराच्या हाती गेला. ठाणे व कुलाबा या जिल्ह्यांत तर १८९२ च्या कायद्याने मोहाची फुले जवळ बाळगण्यावरही निर्बंध आले. मोहाचे झाड आमच्या वऱ्हाडातही आहे. वाळलेल्या फुलांचा पोटाला आधार होतो, आणि त्यांचीच दारूही होते. झाड एकच, त्याचे काय करावयाचे, हे माणसावर अवलंबून असते.

आता वहिनींच्या निरोपाकडे वळतो. जुन्या जहाजी प्रमाणाने एक भाग आंबट, दोन भाग गोड, तीन भाग मद्य व चार भाग पाणी घेतात. आपल्याकडील बाटलीतील मद्यात मद्यार्क साधारणतः शेकडा बेचाळीस ते त्रेचाळीस असतो. त्याचे दहांत तीन भाग म्हणजे सिद्ध पेयात शेकडा तेरा. हे द्राक्षाच्या वारुणीइतके झाले. पण लिंबू व साखर यांमुळे ते सरबतासारखे लागते, आणि सरबत समजूनच प्यायले जाते. घराच्या ओसरीवर झोक गेला तर माणूस चटईवर पडतो. होडीत झोक गेला तर कोठे पडतो, हे सांगावयास नको. सुकाणू धरणाऱ्याने तर त्या भांड्याकडे पाहूही नये.

म्हणून पुतण्यास मी असे लिहिले आहे : "चि. बाळास आशीर्वाद. 'पंच' हे नाव आपलेच, असे छातीठोकपणे सांगू नकोस. 'तसे म्हणतात' एवढेच सांग. परंतु ज्या नदीवर तुम्ही फिराल, तिच्या पलीकडच्या तीरास नेरूळ आहे, आणि तेथील माडांवर चढणाऱ्यांच्या श्रमावर या पेयाची कीर्ती उभी राहिली, हे अवश्य सांग. ते खरे आहे. होडीवर दोन भांडी ठेव. दोहोंत लिंबू, साखर, पाणी व जायफळ घाल. हे चारही जिन्नस आपल्या बीबीच्या घरात तुझ्या आईच्या हाताशी नेहमी असतात. पाचवा जिन्नस घालावयाचाच तर एकाच भांड्यात घाल, आणि ते कोणते हे सर्वांस आधी सांग. तू स्वतः दुसऱ्या भांड्यातले घे, असा तुझ्या आईचा निरोप आहे. आणि इतिहास वाचून माझेही मत तिच्याच बाजूस पडले आहे."

पत्राचे उत्तर अद्याप आलेले नाही. वहिनी रोज टपालवाल्याची वाट पाहतात.