हाय-लिफ्ट जॅकचा पूर्ववृत्तान्त

पिकअप गाडी घेऊन पक्की सडक सोडणाऱ्या मनुष्याने बरोबर कोणता जॅक बाळगावा, हा प्रश्न वरवर पाहता खरेदीविक्रीचा वाटत असला, तरी त्याचे उत्तर केवळ वजनाच्या आणि किमतीच्या तपशिलात सापडत नाही. ज्या भूमीवर व ज्या निकडीतून ते यंत्र जन्मास आले, तिच्या इतिहासात ते शोधावे लागते.

भार उचलणाऱ्या सुवाह्य यंत्रांपैकी दोन घराणी येथे विचारात घेण्याजोगी आहेत. पहिले द्रवदाबाचे. जोसेफ ब्रामा याने १७९५ मध्ये इंग्लंडात ज्या द्रवदाबयंत्राचे पेटंट मिळविले, त्याचेच तत्त्व हाताने वाहून नेता येईल अशा आकारात आणून न्यूयॉर्कच्या रिचर्ड डजन या यंत्रकाराने १८५१ मध्ये आपल्या जॅकचे पेटंट घेतले. आजचा बॉटल जॅक त्याच परंपरेतला असून, अल्प श्रमात प्रचंड भार उचलण्याचे त्याचे सामर्थ्य कठीण व सपाट जमिनीवरच पूर्णत्वाने प्रकट होते.

दुसरे घराणे शेतातले. इलिनॉयमधील जोसेफ ग्लिडन याच्या काटेरी तारेस १८७४ मध्ये पेटंट मिळाले आणि अमेरिकेच्या विस्तीर्ण मुलखात कुंपणे झपाट्याने पसरली, तेव्हा तार ताणणे आणि खांब उपटणे ही शेतकऱ्याची नित्याची कामे होऊन बसली. इंडियाना राज्यातील ब्लूमफील्ड या गावी पी. जे. हॅरा याने १८९५ मध्ये जो कारखाना उभारला, त्याची सुरुवात अशाच कामांच्या एका बहुगुणी हत्याराने झाली; आणि पुढे १९०५ पासून तेथे जो जॅक तयार होऊ लागला, तोच हाय-लिफ्ट. त्याची रचना अत्यंत सरळ आहे : भोके पाडलेला एक उंच पोलादी दांडा, आणि दांडी वरखाली करताच त्या भोकांत आळीपाळीने शिरणाऱ्या दोन खुंट्या, ज्यांपैकी एक भार तोलून धरते तोवर दुसरी वरचे भोक गाठते.

फोर्ड कंपनीने १९२५ मध्ये आपल्या मॉडेल टी गाडीस कारखान्यातच पिकअपचा साज चढविला, आणि शेतकऱ्याच्या हाती आलेल्या अशा वाहनांबरोबर शेतातला जॅकही चिखलवाटेवर आला. तेथे त्याची उंची कामास आली, कारण रुतलेल्या गाडीच्या ॲक्सलखाली बॉटल जॅक सरकविण्यास बहुधा जागाच उरत नाही, आणि चौकट उचलू लागावे तर प्रथम स्प्रिंगा सैल होतात व चाक बराच वेळ चिखलातच राहते. अठ्ठेचाळीस इंची, सुमारे १३ किलो वजनाचा हाय-लिफ्ट ही अडचण दूर करतो. शिवाय दोरखंड वा साखळीच्या साह्याने तो गाडी ओढूनही काढतो.

परंतु गुणांबरोबर दोषही त्याच जन्मभूमीतून आले आहेत. बैठक अरुंद असल्याने मऊ जमिनीत खाली भक्कम फळी घातल्याविना तो उभा करू नये. भार उतरविताना दांडी उसळून जबडा फोडू शकते, म्हणून ती घट्ट धरावी व मान तिच्या मार्गाबाहेर ठेवावी. माती शिरली की खुंट्या अडकतात, म्हणून त्या स्वच्छ व तेलाने ओल्या राखाव्यात. आणि केवळ जॅकवर तोललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. ज्या नव्या गाड्यांचे बंपर प्लास्टिकचे आहेत, त्यांना या जॅकची पोलादी जीभ टेकविण्यास आधारच नसतो. तेथे चाकास अडकविण्याचे स्वतंत्र साधन जवळ हवे.

म्हणून खरेदीपूर्वी आपली वाट आणि आपली गाडी या दोहोंची पारख करावी. खडकाळ व पक्क्या वाटेवर, जेथे ॲक्सलखाली जागा मिळते, तेथे डजनचा वारसा अधिक सुरक्षित. चिखलात किंवा वाळूत, जेथे गाडी पोटापर्यंत बसते आणि चौकटीस पोलादी आधार आहे, तेथे ब्लूमफील्डचा वारसा अधिक उपकारक. आणि ज्यास दोन्ही प्रकारच्या वाटा तुडवावयाच्या आहेत, त्याने दोन्ही जॅक बाळगावेत व घरच्या अंगणात त्यांचा सराव करूनच प्रस्थान ठेवावे.